टॅब नंबर वीस

शाळेत काही गोष्टी आपोआप साठत जातात. मोडक्या खुर्च्या, झिजलेले डस्टर आणि किस्से! खुर्च्या-डस्टरचं निदान निर्लेखन तरी होतं. समिती बसते, सह्या होतात, सामान भंगारात जातं. किस्स्यांसाठी अजून कोणती समिती बसलेली नाही. त्यामुळे चहा आला की स्टाफरूममध्ये कोणीतरी सुरू करतं, "अरे, ते मस्टरचं आठवते का?" आणि पुढचा तास कोणाचा आहे हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, अमडापूरपासून थोडी आत, आठवीपर्यंत. मी तिथं गणित-विज्ञान शिकवतो. आडनाव गवई, पण पोरं मला 'वायफाय सर' म्हणतात. या पदासाठी मी अर्ज केला नव्हता. राउटर बसवायला माणूस आला तेव्हा मी एकटाच रिकाम्या तासावर होतो, एवढीच माझी पात्रता!

मंडळी तीनच लक्षात ठेवा. मुख्याध्यापक शेळके सर, यांचा कुलपावर आणि सूचना फलकावर फार विश्वास. आठवीच्या वर्गशिक्षिका इंगळे मॅडम, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. आणि खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाई, ज्यांना सगळी शाळा मावशी म्हणते.

तर आमच्या शाळेला वीस टॅब मिळाले. प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातला, एक ते वीस. आठवीत पोरंही नेमकी वीस. बहुतेकांच्या घरी एकच मोबाईल, आणि तोही सकाळी बापाच्या खिशात बसून वावरात जातो. शिष्यवृत्तीचा ऑनलाईन सराव करायचा तर या टॅबवरच. म्हणून ते टॅब आले तेव्हा इंगळे मॅडमनी त्यांना हळदकुंकू लावलं होतं, स्क्रीनला लागू नये म्हणून पाठीवर.

पण टॅब असणं वेगळं आणि टॅबवर नेट असणं वेगळं. विस्तार अधिकारी साहेब पहिल्यांदा बघायला आले त्या दिवशी वीसपैकी अकराच चालले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पडून राहणार असतील तर दुसऱ्या शाळेला देतो. तिथं मागणी आहे. दिवाळीनंतर परत येतो. वीसच्या वीस एका वेळी ऑनलाईन दिसले पाहिजेत."

आता इथं गप्प बसायचं असतं. पण माझं तोंड! मी सगळ्या स्टाफसमोर म्हणालो, "साहेब, वीसच्या वीस दाखवीन. नाही दाखवले तर टॅबचे डबे मी स्वतः माझ्या गाडीवर बांधून त्या शाळेत पोचवीन!"

साहेबांची जीप गेटबाहेर पडल्यावर इंगळे मॅडम म्हणाल्या, "गवई सर, एवढं बोलाची काय गरज होती? आता माह्या पोरायचे टॅब तुमच्या तोंडावर टांगले ना!"

खरं होतं त्यांचं.

* * *

पहिला किस्सा मस्टरचा.

सुरुवातीला आमच्या नेटचं एक चमत्कारिक होतं. ते सकाळी सव्वादहाला यायचं, दोन मिनिटं राहायचं आणि जायचं. पुन्हा संध्याकाळी पाचला दोन मिनिटं. मध्ये सगळा दिवस ठणठणाट! सव्वादहाला ऑफिसात उभ्या असलेल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम टुणटुण वाजायचे, आणि आम्ही मस्टरवर सही करत करत मेसेज पाहून घ्यायचो.

आमच्यातल्या एकाने तर शोध लावला की मस्टरवर सही केली की नेट येतं. पंधरा दिवस कोणी एक मिनिटसुद्धा उशिरा आलं नाही. शेळके सर खूश!

सोळाव्या दिवशी मावशी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. शेळके सर लोखंडी कपाट उघडून मस्टर काढत होते. मावशींनी विचारलं, "सर, त्या कपाटात थे लुकलुकते काय?"

तो राउटर होता! सरकारी मालमत्ता म्हणून शेळके सरांनी त्याची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद केली होती आणि बसवणारा माणूस गेल्यावर कोणालाही न सांगता तो कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं. वायर आत जायला मागच्या पत्र्याला भोक पाडून घेतलं होतं, तेवढी त्यांची तांत्रिक बाजू पक्की होती. कपाट उघडलं की नेट बाहेर, लावलं की नेट आत. साहेब आले त्या दिवशी रजिस्टरं दाखवायला कपाट उघडं होतं, म्हणून अकरा तरी चालले होते.

मी कपाळाला हात लावला. शेळके सर म्हणाले, "चोरीले गेला तं जबाबदार कोन? तुमी?"

मावशी म्हणाल्या, "अन् कोंबडी डालग्याखाली झाकून ठेवल्यावर अंडं आंगनात कसं येईन, सर?"

शेवटी तडजोड झाली. राउटर व्हरांड्यात भिंतीवर उंच लागला, पण सायकलच्या साखळीने गजाला बांधून, वर कुलूप घालून. चावी आजही शेळके सरांच्या गळ्यात जानव्यासारखी असते. त्या दिवशी अकराचे तेरा टॅब झाले.

* * *

उरलेल्या सातांपैकी तीन अगदी क्षुल्लक निघाले.

वायफायच्या चिन्हाला आमची पोरं 'पंखा' म्हणतात, कारण ते उघडलेल्या हातपंख्यासारखं दिसतं. तीन टॅबवर पंखाच नव्हता. त्या जागी एक छोटंसं विमान! चौकशी केली तेव्हा कळलं की शेळके सर कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आले होते, विमान दाबलं की बॅटरी वाचते. वाचते, खोटं नाही. त्यांनी या तीन पोरांना रोज सुट्टी होताना विमान दाबायला लावलं होतं. सकाळी ते काढायचं असतं, हे प्रशिक्षणाच्या दुसऱ्या सत्रात होतं आणि सर जेवण करून घरी निघून आले होते.

आठवीतली आरती उभी राहिली. ही पोरगी कमी बोलते, पण बोलली की ऐकावं लागतं. म्हणाली, "सर, आपल्या गावावरून विमान जातच नाई, मंग दाबाचं कशाले?"

सोळा झाले!

* * *

दिवाळीच्या सुट्टीत टॅब कपाटात होते. सुट्टी संपल्यावर बाहेर काढले तर सगळ्यांच्या बॅटऱ्या शून्यावर. चार्ज केले, चालू केले. पंखा पूर्ण भरलेला, आणि पान मात्र एकही उघडेना! प्रत्येक ठिकाणी एकच धमकी, 'कनेक्शन सुरक्षित नाही.' सोळा होते ते एका सुट्टीत शून्य झाले. मला तर वाटलं, आता गाडीला मागे कॅरिअर लावून घ्यावं.

दोन दिवस मी त्या राउटरच्या मागे होतो. बंद केला, चालू केला. वायरी काढल्या, फुंकल्या, परत लावल्या. हेल्पलाईनला फोन केला तर एक गोड आवाजाची बाई म्हणाली, "सर, कृपया उपकरण एकदा बंद करून पुन्हा चालू करा." मी म्हणालो, "ताई, आता फक्त स्वतःलाच बंद करून चालू करायचं राहिलंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर चढून राउटर उलटा करून पाहत होतो आणि खाली इंगळे मॅडम नाकावर चष्मा ठेवून एक टॅब न्याहाळत होत्या. मॅडमची तीस वर्षांची सवय आहे. वर्गात शिरल्या की आधी फळ्यावर वार, तारीख, तिथी, सुविचार. ते लिहिल्याशिवाय त्या हजेरीसुद्धा घेत नाहीत.

"गवई सर, याच्यात तारीख चुकली."

"मॅडम, तारखेचं राहू द्या. मी नेट पाहून राह्यलो."

"अहो, साल पाहा! या साली माह्ये आठवीचे पोरं अंगनवाडीत होते!"

"मॅडम, प्लीज..."

"चुकीच्या तारखेवर मी धडा सुरू करत नाई," असं म्हणून त्यांनी स्वतःच आत जाऊन खुडबूड केली आणि तारीख दुरुस्त केली. आणि टॅबवर पान उघडलं! धाडकन! चित्रासकट!

मी टेबलावर तसाच उभा. हातात उलटा राउटर. बॅटरी पार संपल्यावर टॅब मागच्या कुठल्यातरी सालात जाऊन बसले होते आणि म्हणून कोणतीच साईट त्यांना आत घेत नव्हती. मी विज्ञानाचा माणूस, मला ते दोन दिवसांत सुचलं नाही. मॅडमना दोन मिनिटांत सुचलं, आणि तेही नेटसाठी नव्हे!

मॅडम पुढचा टॅब उचलत म्हणाल्या, "आमच्या वर्गात आधी तारीख, मंग धडा. तुमी खाली उतरा आता, पडसान."

पोरांनी जो टाळ्यांचा कडकडाट केला, तो मी टेबलावरून उतरलो त्याबद्दल होता असं मी आजही मानतो.

* * *

सोळा परत आले. राहिले चार. या चारही टॅबवर पासवर्ड टाकला की उत्तर यायचं, 'पासवर्ड चुकीचा आहे.'

पासवर्ड शेळके सरांनी ठेवला होता. शाळेचं नाव इंग्रजीत आणि पुढे स्थापनेचं साल. आता यात चुकण्यासारखं काय आहे? मी पोरांवर जाम भडकलो. "आठवीत गेले आणि चार आकडे बरोबर टाकता येत नाहीत?" एकाला पाचवेळा टाकायला लावला. पाचही वेळा चूक. मग मी म्हणालो, "सरक, मी टाकतो," आणि मीही टाकला. चूक! हसू दाबल्याचे आवाज मला ओळखू येतात.

त्या चारांतला एक टॅब आरतीचा, नंबर वीस. ती म्हणाली, "सर, थो डोळा दाबून पाहा ना."

पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, बाजूला एक डोळ्याचं चित्र असतं. ते दाबलं. ठिपक्यांच्या जागी अक्षरं आली, आणि पुढे साल होतं ते चक्क मराठी आकड्यांत! झालं असं होतं की इंगळे मॅडमनी निबंधासाठी या चार टॅबच्या कीबोर्डवरचे आकडे मराठी करून घेतले होते. आम्ही सगळे आकडे बरोबरच टाकत होतो, फक्त राउटरला ते कळत नव्हते.

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम अजिबात शरमल्या नाहीत. "मराठी शाळेत मराठी आकडे चालत नाईत, हे कोन्त्या जीआरमंदी लिहिलं हाय? मले दाखवा!"

जीआर मला अजून सापडलेला नाही. पण त्या दिवशी दुपारी माझ्यासमोर वीस टॅब ओळीने मांडलेले होते आणि वीसच्या वीसवर पंखा! मी आठवीच्या फळ्यावर खडूने हाताएवढा '२०' काढला. मराठीत काढला, मॅडमच्या मानासाठी.

* * *

पण मग रोज अकरा वाजून वीस मिनिटांनी नेट जायला लागलं.

अकरा वीस म्हणजे अकरा वीस. घड्याळ लावून घ्यावं! पाच-सात मिनिटं जायचं आणि परत यायचं, पण तेवढ्यात सरावपरीक्षा मध्येच तुटायची आणि पोरांना पहिल्या प्रश्नापासून सुरू करावं लागायचं. मी कंपनीला शिव्या दिल्या, टॉवरला दिल्या, वाऱ्यालाही दिल्या. एक दिवस ठरवलं, आज अकरा वीसला व्हरांड्यात जाऊन राउटरखालीच उभं राहायचं.

उभा राहिलो. अकरा वीसला स्वयंपाकखोलीचं दार उघडलं. मावशी बाहेर आल्या, एका हातात मिक्सर, दुसऱ्या हातात मिरच्या-लसणाची वाटी. माझ्याकडे पाहून हसल्या, "काय सर, उन्हात काऊन उभे?" असं विचारलं, राउटरची पिन उपसली आणि मिक्सरची लावली.

घर्रर्रर्र!

"मावशी!! हे काय करून राह्यल्या?"

"मिरची वाटून राह्यली. माह्या खोलीतलं बटन जळालं हाय, शेळके सरायले चारदा सांगतलं."

"अहो, पण पोरांचं नेट..."

मावशींनी मिक्सर थांबवला आणि मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. "सर, नेट गेलं तं पोरं गप बसतेत. खिचडी फिकी झाली तं माह्यं नाव घेतेत. मी कोनाचं ऐकू?"

मी आठवीच्या वर्गात मत घेतलं. नेट की तिखट खिचडी? नेटला तीन मतं पडली, त्यातलं एक माझं होतं!

शेळके सरांनी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकखोलीचं बटन दुरुस्त करून घेतलं आणि राउटरच्या वर सूचना लावली, 'येथे मिरची वाटू नये.' पाहुणे अजूनही ती वाचून बुचकळ्यात पडतात. पण तेव्हापासून मावशींची नजर त्या राउटरवर बसली, ती बसलीच. मसाला परतता परतता त्या खिडकीतून पाहतात आणि वर्गात मला ऐकू येईल असं ओरडतात, "गवई सर, केसरी दिवा लागला!" केशरी म्हणजे नेट गेलं. हिरवा म्हणजे आहे. कंपनीच्या माणसापेक्षा मावशींचं निदान लवकर येतं.

* * *

साहेबांची तारीख जवळ आली आणि नवीनच दुखणं. नेट होतं, पंखे होते, पण एक पान उघडेपर्यंत पोरांचा एक श्लोक म्हणून व्हायचा.

मी बाहेर गेटशी आलो तर भिंतीच्या सावलीत अर्धं गाव! एकजण क्रिकेट पाहतोय, एकजण व्हिडिओ कॉलवर सुनेशी बोलतोय. एकाने तर बैलजोडी शाळेच्या गेटला बांधली होती आणि निवांत ट्रॅक्टरच्या जाहिराती पाहत होता.

"भौ, हे शाळेचं नेट आहे!"

"हाव ना सर. मस्त चालते."

"पासवर्ड कोणी दिला?"

"दिला म्हंजे? फलकावर लिहेल नाई का?"

मी मागे वळून पाहिलं. गेटच्या आत सूचना फलक. त्यावर शेळके सरांच्या सुवाच्य अक्षरात, 'सर्वांना कळविण्यात येते की शाळेच्या वायफायचा पासवर्ड खालीलप्रमाणे आहे.' खाली सही, शिक्का.

मी सरांना बोललो, जरा जास्तच बोललो. मग ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला, वीसही टॅबवर मीच टाकला आणि फक्त सरांच्या कानात सांगितला. "सर, कोणालाही सांगायचा नाही."

"आईशप्पथ, कोनालेच नाई," सर म्हणाले.

आणि वरून मी आणखी एक डोकं चालवलं. राउटरमध्ये एका वेळी किती जणांना घ्यायचं ते ठरवून देता येतं. मी तिथं आकडा टाकला, वीस! वीस टॅब, वीस जागा. एकविसावा आला तर दारातूनच परत! मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी ते स्टाफरूममध्ये तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा इंगळे मॅडम म्हणाल्या, "सर, चहा थंडा होऊन राह्यला."

* * *

आणि मग साहेब आले.

ठरलं असं होतं: आठवीची वीस पोरं वर्गात वीस टॅबवर चाळीस मिनिटांची ऑनलाईन सरावपरीक्षा देणार आणि साहेब ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून वीस नावं हिरवी झालेली पाहणार. तो कॉम्प्युटर वायरवर, त्यामुळे त्याची जागा मोजायची नव्हती. खबरदारी म्हणून मी माझा मोबाईल बंद करून ठेवला होता, मॅडमचाही बंद होता, शेळके सरांचा मी स्वतः काढून टेबलाच्या खणात टाकला होता.

साहेब खुर्चीत टेकले. मोबाईल टेबलावर ठेवला. शेळके सरांना जवळ बोलावून हळूच काही विचारलं. सर त्यांच्या कानाशी वाकले आणि काहीतरी पुटपुटले. साहेबांना बिनसाखरेचा चहा हवा असेल, असं मला वाटलं.

परीक्षा सुरू झाली. साहेबांच्या समोर नावं हिरवी व्हायला लागली. पाच, नऊ, चौदा, अठरा, एकोणीस.

एकोणीस.

मी वर्गात धावलो. आरतीच्या टॅबवर नुसताच लोडिंगचा गोल फिरत होता. नंबर वीस! ती पोरगी टॅब दोन्ही हातांनी धरून बसली होती. "सर, रोज चालते. आज माह्यीच बारी काऊन आली?"

मी टॅब घेतला. विमान पाहिलं, नव्हतं. पासवर्ड डोळा दाबून पाहिला, बरोबर, आकडे इंग्रजीच. तोवर मागून मॅडम म्हणाल्या, "तारीख बरोबर हाय, मी पायली." नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडलं. टॅब बंद करून चालू केला. गोल फिरतोच आहे. खिडकीतून मावशींचा आवाज आला, "सर, दिवा तं हिरवा हाय!"

आणि मग माझ्या लक्षात आलं. जागा भरल्या होत्या! वीस जागा मीच ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या एका जागेवर टॅब सोडून दुसरंच कोणीतरी बसलं होतं. आकडा वाढवावा तर राउटर स्वतःहून बंद होऊन चालू होतो, म्हणजे एकोणीस पोरांचे पेपर तुटणार. कोण बसलंय ते पाहावं तर ती यादी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, आणि त्याच्यासमोर साहेब. माझ्याच हुशारीने माझा गळा धरला होता. आरतीकडे बघायची मला लाज वाटत होती.

नवा पासवर्ड गावाला माहीत नव्हता. पण शेळके सरांचा सूचना फलक मला माहीत होता. मी खिडकीतून ओरडलो, "मावशी, ग्रामपंचायतीत जा! भोंग्यावरून सांगायला लावा, शाळेचं वायफाय ज्यानं लावलं असेल त्यानं बंद करा!"

मावशी पळाल्या. लुगडं खोचून, खिचडीचा डाव हातात तसाच. आणि तीन मिनिटांत भोंगा वाजला. पण मी पंचायतीच्या शिपायाच्या आवाजाची वाट पाहत होतो, तर आवाज आला मावशींचाच!

"ऐका हो! शाळेत साहेब आले! ज्याच्या मोबाईलमंदी शाळेचा पंखा असन त्यानं आत्ताच्या आत्ता बंद करा! आपल्या पोरायचे टॅब दुसऱ्या गावाले चालले!"

दुसऱ्या गावाले! हा शब्द आमच्या गावात फार लागतो. सगळं गाव कामाला लागलं. कोणी मोबाईलच बंद केला, कोणी टीव्ही बंद केला, ज्यांना काय बंद करायचं ते कळलं नाही त्यांनी हाताला लागेल ते बंद केलं. पिठाची गिरणी थांबली, जी कोणाच्या सांगण्यावरून कधी थांबलेली नव्हती. एक म्हातारेबुवा काठी टेकत गेटशी आले आणि बटनांचा फोन उंच धरून म्हणाले, "सर, म्या पन बंद केला पाहा!" त्यांच्या फोनला नेट काय असतं हे माहीतसुद्धा नव्हतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

मी ऑफिसात गेलो. स्क्रीनवर पाहिलं.

एकोणीस.

साहेब खिडकीबाहेरची शांतता ऐकत होते. म्हणाले, "गावाचं सहकार्य चांगलं आहे हं." मग घड्याळ पाहिलं. "पंचवीस मिनिटं झाली, गवई सर. गाडी आणली आहे ना? डबे तसे हलके आहेत."

शेळके सर छताकडे पाहत होते. इंगळे मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. तीस वर्षांत मी त्यांना— मी तिथं सातच वर्षं आहे, पण सात वर्षांत मी त्यांना गप्प उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात धापा टाकत मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या. कप साहेबांसमोर ठेवायला वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. नजर टेबलावर.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या मोबाईलवर पंखा दिसून राह्यला."

शेळके सरांना छतात आणखी काहीतरी सापडलं.

साहेबांनी सावकाश मोबाईल उचलला. त्यावर एकदा बोट फिरवलं आणि तो खिशात घातला. मग चहाचा कप उचलून एक घोट घेतला.

व्हरांड्याच्या त्या टोकाकडून आरतीचा आवाज आला, सगळ्या शाळेला ऐकू येईल एवढा, "सर! पंखा आलाऽऽ!"

स्क्रीनवर विसावं नाव हिरवं झालं. आठवीच्या वर्गात बाकं वाजायला लागली, गेटवरच्या म्हातारेबुवांनी काठी उंचावली, आणि तिकडे गिरणी पुन्हा सुरू झाली. इंगळे मॅडमनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच पोरांवर ओरडल्या, "परीक्षा चालू हाय! बाकं वाजवू नका!"

साहेबांनी शेरेवही मागवली. पेन काढलं, चष्मा लावला, आणि कोणाकडेही न पाहता लिहिलं:

'वीसपैकी वीस टॅब ऑनलाईन आढळले. टॅब याच शाळेत राहतील. शाळेचे वायफाय उत्तम आहे. स्वतः वापरून खात्री केली.'